कौतिकनानांनी न पाहिलेली भिंत

धुळ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागायच्या तेव्हा काट्याजवळ उभा असलेला उंच, काटकुळा माणूस म्हणजे कौतिकनाना. पेशाने मापाडी. एका बाजूला खेड्यावरून आलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि मध्ये नाना, डोळे काट्यावर लावून. शेतकऱ्याचा व्यापाऱ्यावर विश्वास नसे, व्यापाऱ्याचा शेतकऱ्यावर नसे, पण नानांनी एकदा वजन पुकारलं की दोघेही गप्प बसत. हे काही नानांच्या गोड स्वभावामुळे घडत नव्हतं. माणूस चांगलाच तुसडा होता. पण तो दोघांशी सारखाच तुसडा वागे, कोणाच्या चहाला जात नसे, आणि बाजारात याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणी मागत नाही.

मापाडी माणूस घरांच्या भानगडीत कसा पडला, तर गल्लीतल्या एका भांडणामुळे. भाडेकरू घर सोडून निघाला, मालक म्हणाला चौकट मोडलीस, तो म्हणाला मोडकीच होती. शिव्या देऊन दोघेही दमले तेव्हा कोणीतरी म्हणालं की पुढल्या वेळी माणूस घरात शिरण्याआधीच नानांना बोलवा आणि काय आहे, काय नाही ते लिहून घ्या. झालं. तेव्हापासून त्या भागात घर भाड्याने द्यायचं म्हटलं की नानांची पाहणी ठरलेली. नानांची रीतही ठरलेली. उंबऱ्यातून आत गेले की उजव्या हाताच्या भिंतीला तळवा लावायचा, आणि तो न उचलता सगळं घर फिरून पुन्हा उंबऱ्यावर यायचं. वाटेत जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "दार सागाचं, कडी शाबूत. खिडकीचा एक गज वाकडा. मोरीची फरशी उचकटलेली." मग तेच कागदावर उतरवायचं, दोघांना वाचून दाखवायचं, दोघांची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि एकेक प्रत देऊन चहा न पिता चालू लागायचं.

लोक हसायचे. नाना आता घरंही तोलायला लागले, म्हणायचे. घरी सुनंदाबाई तर सोडायच्याच नाहीत. "दुसऱ्याच्या घरात पाल कुठल्या कोपऱ्यात बसते ते तुम्हाला ठाऊक, आणि आपल्या घरात मिठाची बरणी सापडत नाही!" नाना वरवर वैतागायचे. पण आतून त्यांना बरं वाटायचं, हे सुनंदाबाईंनाही कळायचं.

माणकचंद शेठांचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागे गठ्ठे ठेवायची कोठी, आणि कोठीला लागून दीड खोलीचं धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंतींचं. तिथे झिपरू नावाचा रेल्वेतला खलाशी राहत होता. त्याची बदली नरडाण्याला झाली आणि त्याच्या जागी उखर्डू आणि भागाबाई हे जोडपं आलं. दोघं पारोळ्याकडचे. उखर्डूला गिरणीत काम लागलं होतं, आणि भागाबाई मसाला कांडायची. काळा मसाला. तिच्या उखळातला मसाला ज्याच्या भाजीत पडला तो दुसरीकडे जात नसे, अशी तिची ख्याती पुढे झाली. पण घरात शिरली तेव्हा ती नुसती एक उंच कपाळाची, कमी बोलणारी बाई होती. नानांनी रीतीप्रमाणे पाहणी केली. कोठीकडच्या भिंतीबद्दल कागदावर लिहिलं, "भिंत सरळ, पांढरी. भेग नाही." शेठांनी सही केली, भागाबाईने अंगठा उठवला.

थोड्याच दिवसांत, भिंतीला आधीपासूनच भेग आहे हे सांगायला, ती नानांना बाजारात भेटली होती. म्हणाली, "नाना, ती भित फाटेल शे."

"कागदवर तसं नही शे," नाना म्हणाले, आणि काट्याकडे वळले.

तिनेही पुढे विषय काढला नाही. तिला रोजचं कांडण होतं, भिंतीशी भांडायला वेळ कुठला?

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात शेठांनी कोठीतले जुने गठ्ठे हलवले आणि मागची भिंत उघडी पडली. वरपासून खालपर्यंत भेग. बोट जाईल एवढी. तसेच ते वळसा घालून भागाबाईच्या घरात गेले, तर तिच्या बाजूलाही तीच भेग, आणि भेगेच्या पायथ्याशी जमिनीत पुरलेलं उखळ. भागाबाई कांडत होती. मुसळ खाली आलं की जमीन हलल्यासारखी वाटत होती. शेठांना आणखी काही सांगायची गरजच उरली नाही.

माणकचंद शेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारे लगेच त्याला खलनायक करून मोकळे होतील. त्याला खरंच भीती वाटली होती. भिंत कोसळली तर कोठी गेली आणि घरातली माणसंही गेली. तो म्हणाला, "बाई, तुझ्या मुसळाने माझी भिंत फाटली. दिवाळीच्या आत दुसरं घर बघ."

आता दुसरं घर म्हणजे काय? उखळ पुरू देणारं घर धुळ्यात मिळवून दाखवा. दिवसभर धप्प धप्प, आणि मिरचीचा खकाणा असा की शेजारी शिंकून शिंकून बेजार. ज्या घरमालकांना विचारलं त्यांनी उखळाचं नाव काढताच दार लोटून घेतलं. घर गेलं की कांडण गेलं, आणि कांडण गेलं की नुसत्या गिरणीच्या कामावर शहरात निभत नाही. मग परत पारोळ्याकडे, दिराच्या दारात. भागाबाईला ते मरणाहून नकोसं होतं. कारण ती कोणाला सांगत नसे, पण गाडीत बसून परत जायचं नुसतं नाव निघालं तरी तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

ती नानांच्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"नाना, भित पहिलेथून फाटेल व्हती. मी तुमले तव्हयच सांगेल व्हतं."

"पन मी लिखेल शे ना, भागाबाई. भेग नही असं."

"लिखेल शे. पन कागद राहस का आमना घरमा? आम्ही राहतस."

एवढं बोलून ती गेली. नानांच्या डोक्यात मात्र भुंगा सोडून गेली.

नाना आठवायला बसले. झिपरू गेल्यानंतरचं ते घर. त्यांना दाराची कडी आठवली. खिडकीचा वाकडा गज आठवला. मोरीजवळ एक फुटकी घागर पालथी घातलेली होती, तीही आठवली. आणि कोठीकडची भिंत? तिथे आलं की सगळं पांढरं. भेग होती असंही आठवेना, नव्हती असंही आठवेना. असं कधी झालं नव्हतं. एखादं घर आठवायचं म्हटलं की हाताचा तळवाच त्यांना रस्ता दाखवायचा, आणि या घरात तो तळवा मध्येच कुठे तरी हरवत होता. कागद म्हणतो भेग नाही. कागद माझ्याच हातचा. बाई म्हणते होती. बाई खोटं बोलणारी नाही. मग खोटं कोण बोललं?

बाजारात त्या दिवसांत दोन-तीनदा वजन पुकारताना नाना अडखळले. एका शेतकऱ्याने टोकलंसुद्धा. नाना चिडले, मग घाबरले. घराचा कागद चुकला असं एकदा बाहेर पडलं, तर काट्यावरच्या शब्दाला कोण विचारणार? सुनंदाबाई म्हणाल्या, "एवढं काय ते, जाऊन पुन्हा बघून या." सोपी गोष्ट होती. नानांना ती सुचली नव्हती, याचाही त्यांना राग आला.

शेठांकडे जाऊन ते म्हणाले, "शेठजी, मला एकदा भिंत पाहू द्या. मग ठरवा." शेठ तयार झाले. मुलगा प्रकाशचंदही बरोबर निघाला. तो नुकताच कॉलेज संपवून दुकानात बसायला लागला होता आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल लगेच लावायची त्याला घाई असे.

तिघे गेले शनिवारी. श्रावणातला, नागपंचमीनंतरचा पहिला शनिवार. दुसऱ्या दिवशी कानबाई. खानदेशातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच की दिवाळीला बाकीच्या मुलखात जी झाडलोट होते, ती आमच्याकडे कानबाईला होते. घराघरात पांढरी माती भिजत पडते, पितळ घासलं जातं, आणि रविवारी नारळाच्या रूपातली ती माय चौरंगावर बसते, सोमवारी सकाळी नदीवर बोळवली जाते.

तिघे आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. भिंतीला भेगच नव्हती.

शेठांनी डोळे चोळले. "परवापरवा होती! माझ्या डोळ्यांनी पाहिली." प्रकाशचंद धावत कोठीत जाऊन आला. "तिकडून आहे, बाबा. इकडून नाही." शेठ म्हणाले, असं कसं होईल? प्रकाशचंद म्हणाला, तसंच झालंय. उखर्डू नुकता पाळी संपवून आला होता, त्याला काय चाललंय तेच कळेना. नाना सगळ्यात गोंधळलेले. ज्या भेगेसाठी अन्न गोड लागत नव्हतं, ती पाहायला यावं, आणि ती असूच नये?

भागाबाई मोरीतून हात धुऊन आली. कोपरापर्यंत पांढरी झालेली. "लिंपी टाकी," ती म्हणाली, जसं काही भांडी घासली म्हणावं.

"पुरावा मिटवला!" प्रकाशचंद ओरडला.

"कसाना पुरावा? उद्या कानबाई बसावनी शे. फाटेल भितपुढे बसाडू का तिले? दरसाल लिंपस. दरसाल ती परत उकलस."

"मग खरवडा," प्रकाशचंद म्हणाला. "आतली माती जुनी निघाली तर तुझं खरं, नवी निघाली तर बाबांचं."

खरं तर यात भागाबाईचाच फायदा होता. तिच्या म्हणण्याप्रमाणे भेग जुनी असेल, तर खरवडल्यावर ते दिसणारच. पण ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "घर परत लई ल्या, शेठ. दिवाळी कसाले, उद्याच लई ल्या. पन आज हाई भितले हात लावू नका."

नाना नकळत पुढे झाले आणि तिच्या शेजारी, सवयीने, भिंतीला तळवा लावला. भिंत ओली होती. गार. हात उचलला तर तळवा पांढराफटक.

आणि नानांना तो दिवस आठवला. झिपरूने शेठांना विनंती केली होती की कानबाई या घरातून पोचवतो, मग नरडाण्याला जातो. कानबाईच्या सोमवारी सकाळी माय पांझरा नदीवर गेली, दुपारी झिपरूचं सामान गेलं, आणि संध्याकाळी नाना पाहणीला आले. मोकळ्या घरात धुपाचा वास कोंडलेला होता. कोठीकडच्या भिंतीला टेकून फुलं पडली होती, आणि भिंतीवर कुंकवाची पाच बोटं उमटलेली होती. तिथपर्यंत नानांचा तळवा भिंतीवरच होता. तिथे आल्यावर तो उचलला गेला. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. आणि डोळे उघडले ते सरळ खिडकीजवळ जाऊन. जिथे काल माय बसली होती तिथे बोटांनी चाचपडून खोट काढायची, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे भेग होती की नव्हती? ते त्यांना अजूनही माहीत नव्हतं. एवढंच कळलं की आपण पाहिलं नव्हतं.

तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण नाना एवढंच म्हणाले, "सोमवारी. कानबाई गेल्यावर खरवडू." शेठांनाही ते पटलं. त्यांच्या पत्नी मोहनबाई दरवर्षी गल्लीतल्या कानबायांना ओटी घेऊन जात. आदल्या दिवशी आपण भिंत खरवडून आलो, हे त्यांना घरी जाऊन सांगायची शेठांची छाती नव्हती.

रविवार कसा गेला ते नानांना कळलं नाही. त्यांच्याही घरी माय बसली होती, भाऊबंद जमले होते, पुरणाचा वास सुटला होता. नाना पूजेत दोनदा चुकले. सुनंदाबाईंनी डोळे वटारले, मग नवऱ्याचं तोंड पाहून हळदकुंकवाचं ताट स्वतःच पुढे सरकवलं.

सोमवारी कानबाया वाजतगाजत नदीवर गेल्या, बायका ओल्या पदराने परतल्या, आणि ऊन तापायच्या आत पाचही जण भागाबाईच्या घरात उभे होते. भागाबाईने खुरपं आणून शेठांपुढे धरलं. "घ्या. खरवडा."

भिंतीवर कुंकवाची पाच बोटं होती. शेठांनी खुरपं हातात घेतलं, बोटांकडे पाहिलं, आणि ते नानांच्या हातात दिलं. "तुम्हीच करा, कौतिकभाऊ."

नाना खरवडू लागले. शनिवारची माती पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटली. तिच्याखाली आणखी एक थर, वाळलेला. त्याच्याखाली आणखी. मग भेग आली, आणि भेगेत कडक झालेला मातीचा गारा, भुसा घातलेला. उखर्डू म्हणाला, "दखा, जुनी माती!" प्रकाशचंद म्हणाला, "दोन-तीन वर्षांची मातीही जुनीच दिसते. तुम्हीच पहिल्या वर्षी भरली असेल." उखर्डू म्हणाला, "दोन सालनी माती अशी नही व्हस." "कशी असते मग?" उखर्डूने ढिगाऱ्यातल्या ढेकळाकडे बोट दाखवलं. शेठांनी ढेकूळ उचलून पाहिलं, नाकाशी धरलं, प्रकाशचंदने कुस्करलं. मातीने काही सांगितलं नाही. जमिनीवर ढिगारा साचला, खोलीत धूळ झाली, आणि जे कोडं शनिवारी होतं तेच सोमवारी राहिलं.

शेवटी शेठ म्हणाले, "मग आता उरला तुमचा कागद. कागद म्हणतो भेग नव्हती. त्याला मी काय करू?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. भागाबाईने मात्र पाहिलं नाही. ती उखळाच्या कडेवर बसून खाली पाहत होती.

इतक्या वर्षांत काट्यापाशी त्यांनी शब्द मागे घेतला नव्हता. आपण एवढे ताठ आहोत ते त्या शब्दाच्या जोरावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कागद खोटा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे भेग होती?"

"ते मला माहीत नाही, शेठजी. होती की नव्हती, मी पाहिलंच नाही. झिपरूची कानबाई त्याच सकाळी उठली होती इथून. मी भिंतीला हात जोडले आणि पुढे गेलो. घरी जाऊन लिहिलं, भेग नाही. पाहिलेलं लिहायचं ते न पाहिलेलं लिहिलं. ही बाई मला सांगत होती, मी तिला कागद दाखवला."

प्रकाशचंद हसला. "हे कोण मानेल, नाना? भिंत तपासायला आलेला माणूस भिंतीच्या पाया पडून जातो? कोर्टात सांगाल का हे?"

"गप रे," शेठ म्हणाले.

ते भिंतीकडे पाहत होते. खरवडायची राहिलेली कुंकवाची दोन बोटं अजून तिथे होती. मुलाकडे न वळताच ते म्हणाले, "काल तुझ्या आईबरोबर मी इथे आलो होतो. मुद्दाम आलो होतो. म्हटलं, गर्दीत, दिव्याच्या उजेडात नीट निरखून घेऊ, कुठे ओल सुटलीय, कुठे उकललंय. तिने ओटी भरली. मी हात जोडले. घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की भिंत पाहायची राहिली."

प्रकाशचंदने हातावरची माती झटकली.

"उखळ तिकडच्या कोपऱ्यात हलव, बाई," शेठ म्हणाले. "भिंतीला मी आधार लावून घेतो. घर सोडायचं काही कारण नाही."

त्यांनी चपला घातल्या आणि मुलाला घेऊन ते निघून गेले. उखर्डू कोपऱ्यात उखळासाठी जागा पाहायला लागला. भागाबाई अजून बसूनच होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. नानांना कुठे पाहावं ते कळेना. हातात खुरपं, अंगावर धूळ, पायाशी ढिगारा. ते दाराकडे वळले.

"कोठे चालनात?" मागून आवाज आला. भागाबाई उठली होती. डोळे पुसून तिने पाटी ओढली, तिच्यात माती टाकली, भुसा टाकला, पाणी ओतलं. "तुम्हीच खरवडी ना? मंग तुम्हीच बुजा."

नानांनी टोपी काढून खुंटीला लावली, बाह्या सारल्या आणि गाऱ्याचा पहिला गोळा उचलला. ते भिंतीशी वाकणार, तेवढ्यात तिने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आधी नीट दखी ल्या, नाना. मंग लिंपा."

नाना थांबले. गोळा हातात तसाच धरून त्यांनी डोकं भेगेजवळ नेलं आणि ते पाहू लागले, वरून खालपर्यंत, सावकाश. गाऱ्याचं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत राहिलं.